दोघांचा संसार, एकाची सही

‘लग्न होणे’ आणि ‘संसार थाटणे’ या मराठीत दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. भाषेने केलेला हा भेद अर्थशास्त्राने मनावर घ्यायला हवा होता. तो त्याने घेतलेला नाही. लग्न एका दिवसाचे असते, त्याची छायाचित्रे निघतात, त्याचा खर्च किती झाला याची चर्चा नातेवाइकांत वर्षभर पुरते. संसार मात्र त्यानंतर कित्येक महिने कणाकणाने उभा राहतो. गॅसचे पहिले सिलिंडर घरी येते, कुकरची पहिली शिट्टी होते, वाण्याच्या दुकानात द्यायची पहिली यादी दोघे मिळून करतात आणि त्या यादीत हिंग राहून गेल्याचे तिसऱ्या दिवशी ध्यानात येते. दारावर पाटी लागते. पहिली दिवाळी येते, पहिले आजारपण येते, पहिला हप्ता कापला जातो. तरुण जोडप्याच्या आयुष्यातले हे टप्पे इतके लहान असतात की त्यांची नोंद कुठे होत असेल असे कोणाला वाटत नाही. वस्तुतः त्यांतील बहुतेकांची नोंद होते. ती कागदावर होते, आणि त्या कागदावर बहुधा एकच नाव असते.

घर या संस्थेकडे पाहण्याची अर्थशास्त्राची रीत फारशी अभिमानास्पद नाही. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात एक विसंगती दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने पगारावर ठेवलेल्या आपल्या घरकामवालीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. काम तेच, करणारी तीच, फक्त पगार थांबला. शंभर वर्षे अर्थशास्त्राचे विद्यार्थी या उदाहरणावर हसत आले आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची रीत या बाबतीत होती तिथेच आहे. पिगूंच्या उदाहरणातला विनोद ज्या बाईच्या वाट्याला आला तिला तो कितपत कळला असेल, हे कोणी विचारले नाही.

या कामाची निदान मिनिटे तरी मोजावीत असे आपल्या सांख्यिकी कार्यालयाला उशिरा का होईना वाटले, ही समाधानाची गोष्ट होय. २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. २०२४च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ असे आले. दोघांचीही मिनिटे थोडी कमी झाली. मिक्सर, वॉशिंग मशीन, घरपोच येणारी भाजी यांचा त्यात वाटा असू शकेल. पण दोघांमधले अंतर पाहावे. आधी ते २०२ मिनिटांचे होते, नंतर २०१ मिनिटांचे झाले. पाच वर्षांची प्रगती एका मिनिटाची. शिवाय पुरुषांची सरासरी ही जे घरकाम करतात त्यांचीच आहे, आणि असे पुरुष किती थोडे असतात हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

एका पिढीपूर्वी संसाराचे टप्पे प्रतीक्षायादीने ठरत. गॅससाठी नंबर लावायचा, दूरध्वनीसाठी अर्ज करायचा, १९७२ साली बाजारात आलेल्या चेतक स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा तो काळ होता. आज त्या प्रतीक्षेविषयी काही मंडळी गहिवरून लिहितात; वस्तू मिळायला वेळ लागे म्हणून तिचे मोल होते, असे त्यांचे म्हणणे. हा गहिवर तपासून घ्यावा लागेल. ती प्रतीक्षा परवाना पद्धतीने आणि टंचाईने लादलेली होती. त्यात संयमाचा सद्गुण शोधणे म्हणजे रांगेलाच संस्कृती समजणे. गॅसचा नंबर लागेपर्यंत घरात रॉकेलचा स्टोव्ह पेटत असे, आणि त्याच्या धुरात उभे राहण्याचे काम गहिवरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी केले असेल.

आता क्रम उलटला आहे. पूर्वी आधी बचत आणि मग वस्तू असे असे. आता वस्तू आधी येते आणि बचत हप्त्याच्या रूपाने मागाहून वसूल होते. यात मुळात काही वाईट नाही. तिशीच्या आतल्या जोडप्याने म्हातारपणी घर घेण्यापेक्षा आज घेऊन पुढे फेडणे हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने शहाणपणाचेच आहे. प्रश्न आहे तो हप्ता कोण भरतो, दूध कोण आणते आणि या दोन खर्चांचा हिशेब काळाच्या ओघात कसा लागतो, हा.

असे एक जोडपे कल्पावे. दोघेही नोकरी करतात, पिंपरी-चिंचवड किंवा ठाण्यासारख्या ठिकाणी राहतात, प्रत्येकाचा पगार महिना ४० हजारांच्या आसपास आहे. पहिली दोन-तीन वर्षे भाड्याचे घर. त्याचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी करावी लागत नाही अशी एक लोकप्रिय समजूत आहे. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या ५५व्या कलमानुसार असा करार लेखी असावा लागतो आणि मुदत कितीही असो, नोंदवावा लागतो. न नोंदवल्याची जबाबदारी घरमालकावर असते. या करारावर सहसा पतीचे एकट्याचे नाव असते. दलाल विचारतो, “नाव कोणाचं टाकू?” आणि उत्तर ठरलेले असते, इतके की प्रश्न विचारला गेल्याचेही दोघांच्या लक्षात राहत नाही. परिणाम असा की त्याला राहण्याचा पुरावा मिळतो आणि तिला मिळत नाही. तिचे नाव अजून वडिलांच्या शिधापत्रिकेवर असते, बँकेत माहेरचा पत्ता असतो. पत्ता बदलायचा तर नव्या घराचा पुरावा द्या म्हणतात, आणि तो पुरावा त्याच्या नावाचा. विवाह नोंदणीचा दाखला जोडून मार्ग निघतो, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाह नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिल्यानंतरही तो दाखला वेळच्या वेळी काढून ठेवण्याचा उत्साह सगळीकडे दिसतो असे नाही.

यातला उपरोध असा की २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडीलधारी स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली आहे. धान्याच्या कागदावर स्त्री कुटुंबाची प्रमुख आणि घराच्या कागदावर तिचा उल्लेखही नाही, अशी ही व्यवस्था आहे. (एकत्र कुटुंबात त्या कागदावरही सासूबाईंचे नाव येते, हा भाग निराळा.)

मग घर घेण्याचा दिवस येतो. ३० लाखांचे कर्ज, २० वर्षांची मुदत, व्याज ७ टक्के धरले तर मासिक हप्ता २३ हजार २५९ रुपयांचा पडतो. हप्ता त्याच्या पगारातून जाईल आणि घरखर्च तिच्या पगारातून भागेल, असे दोघे एका संध्याकाळी बसून ठरवतात. हा निर्णय प्रेमाने, समजुतीने आणि कोणताही डाव मनात न धरता होतो हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण पुढे जे घडते त्याला कोणाची दुष्टबुद्धी लागत नाही. किराणा, दूध, वीज, कामवाल्या बाईंचा पगार, सासऱ्यांची औषधे, आल्यागेल्याचा आहेर, पुढे पाळणाघर आणि शाळेची फी, हे सारे मिळून महिन्याला जवळपास तेवढेच पैसे होतात, किंबहुना थोडे जास्तच. दोघांचा वाटा समान.

अर्थशास्त्रात प्रवाह आणि साठा असा एक प्राथमिक भेद शिकवला जातो. नळातून वाहते पाणी हा प्रवाह, टाकीत साचलेले पाणी हा साठा. या घरात तिचा पैसा प्रवाहात जातो आणि त्याचा साठ्यात. तिने भरलेले दुधाचे बिल महिनाअखेरीस संपते. त्याने भरलेला हप्ता भिंत होऊन उभा राहतो. २० वर्षांनी त्याच्या खात्यातून ५५ लाख ८२ हजार रुपये गेल्याचा बँकेचा दाखला असतो आणि समोर एक घर असते. तिच्या खात्यातून त्याहून अधिक रक्कम गेलेली असली तरी तिच्याकडे वाण्याच्या फाटलेल्या चिठ्ठ्यांखेरीज काही नसते. त्या चिठ्ठ्याही कोणी ठेवत नाही. तिने घर चालवले नसते तर त्याला हप्ता भरता आला नसता, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ती एकाही कागदावर नसते.

याहून वाईट प्रकार कर्जाच्या अर्जात घडतो. एकट्या पगारावर हवे तेवढे कर्ज मिळत नाही म्हणून बँक पत्नीलाही सहकर्जदार करून घेते. करारनाम्यावर खरेदीदार म्हणून तिचे नाव नसले, तर ती कर्जाला बांधील असते आणि घराची मालक मात्र नसते. हप्ते थकले तर बँक तिला नोटीस पाठवणार. घर विकले तर पैसे त्याचे. सहकर्जदार आणि सहमालक या दोन शब्दांतला फरक कितीजणींना सही करण्यापूर्वी समजावून सांगितला जातो, हा प्रश्न बँकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

हप्त्याविषयी आणखी एक गोष्ट. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. वरील उदाहरणातले ७ टक्क्यांचे कर्ज नुकतेच घेतलेले असते आणि ही वाढ पुरतेपणी त्याच्यावर पडून व्याज साडेनऊ टक्के झाले असते, तर ३० लाखांवर महिन्याचे नुसते व्याजच २३ हजार ७५० रुपये झाले असते, म्हणजे हप्त्याहून अधिक. हप्ता तोच ठेवला तर कर्ज फिटण्याऐवजी वाढत गेले असते. बँकांनी अशा वेळी ग्राहकाला न विचारता मुदत वाढवत नेल्याचे प्रकार झाले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला असे निर्देश द्यावे लागले की हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला द्यावा आणि मुदतवाढीमुळे मुद्दल वाढत जाण्याची पाळी येऊ देऊ नये. त्या काळात असंख्य घरांत हप्ता वाढला आणि वाढीव रक्कम घरखर्चातून, म्हणजे बहुधा तिच्या वाट्यातून निघाली. स्वतःसाठी घ्यायची साडी पुढच्या वर्षावर गेली. पतधोरण समितीच्या इतिवृत्तात या साडीची नोंद असण्याचे कारण नाही. पण चलनवाढ रोखण्याची किंमत कोण मोजते याचा शोध घेणाऱ्याने तिथपर्यंत गेले पाहिजे.

हा सारा प्रपंच पगारदार मध्यमवर्गाचा आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने बीड जिल्ह्यात जाऊन यावे. ऊसतोडीच्या व्यवहारात पती-पत्नी या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसे, चार हात, आणि हिशेबात एकक एक. मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी उचल सामान्यतः पुरुषाच्या हाती दिली जाते आणि ती दोघांच्या श्रमांतून फिटते. ऊस तोडायला तो वाकतो तशी तीही वाकते. मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. पहाटे उठून भाकरी तीच थापते. एकट्या माणसाचा कोयता होत नाही म्हणून लग्नाची घाई होते, ती या अर्थव्यवस्थेची आणखी एक देणगी. नव्या जोडप्याच्या संसारातला पहिला टप्पा तिथे उचल घेण्याचा असतो. कर्ज दोघांचे, सही वा अंगठा एकाचा. पुण्यातल्या सदनिकेत आणि माजलगावच्या पालात फरक फार मोठा आहे, पण कागदाची रीत तीच आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो? आपल्या देशात विवाहाने मालमत्ता एकत्र होत नाही. ज्याच्या नावावर जे, ते त्याचे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या २७व्या कलमाने घटस्फोटाच्या वेळी मालमत्तेचा निवाडा करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला आहे, पण तो विवाहप्रसंगी भेट मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंपुरता. म्हणजे लग्नात आलेला कुकर आणि स्टीलची ताटे कोणाची, हे कायदा सांगू शकतो. त्या कुकरमध्ये वीस वर्षे भात शिजवून उभे केलेले घर कोणाचे, याविषयी तेच कलम मौन पाळते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला, ही मोठी गोष्ट झाली. तरीही राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. पतीच्या स्थावर मालमत्तेत घटस्फोटित पत्नीला वाटा देणारे विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने संमत केले होते. लोकसभेची मुदत संपली आणि २०१४ मध्ये तेही संपले. त्यानंतर जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका निकालात असे म्हटले की पत्नीने घर सांभाळले म्हणूनच पतीला कमावता आले, तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा समान वाटा आहे. निकाल महत्त्वाचा खरा, पण प्रत्येक घराने न्यायालयाची पायरी चढून हा न्याय मिळवावा, अशी अपेक्षा कोणतीही शहाणी व्यवस्था करणार नाही.

निराळी व्यवस्था पाहायला फार दूर जावे लागत नाही. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक कायदा चालू राहिला, आणि त्यानुसार विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर विवाहाबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होते, प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा असतो. घर विकायचे तर दोघांची सही लागते. ही व्यवस्था निर्दोष नाही. मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा अधिकार त्या संहितेने पतीकडेच ठेवला, आणि अर्धा वाटा कागदावर असूनही तो मागण्याचे धैर्य प्रत्येकीला होतेच असे नाही. तरीही सासष्टीतली नवी नवरी ज्या हक्कानिशी उंबरठा ओलांडते तो सावंतवाडीतल्या नव्या नवरीला नाही. मधे फक्त राज्याची सीमा आहे.

महाराष्ट्राने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९४च्या महिला धोरणाने या राज्यात एक वाट पाडली. त्याआधी, नोव्हेंबर १९८६ मधील चांदवडच्या महिला अधिवेशनानंतरच्या वर्षांत, शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम चालवली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. कायद्याची सक्ती नव्हती, अनुदानाचे आमिष नव्हते. मे २०२४ पासून शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे सक्तीचे झाले, तेही स्वागतार्ह आहे. मुलाच्या नावात आई आली, घराच्या नावात यायची राहिली आहे. एप्रिल २०२१ पासून स्त्रीने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही देण्यात आली. ५० लाखांच्या घरावर ही सवलत ५० हजारांची होते. मात्र ती खरेदीदार केवळ स्त्री असेल तरच मिळते. पती-पत्नी दोघांच्या नावे घर घेतले तर मिळत नाही. हेतू चांगला असूनही येथे धोरण चुकले आहे. दोघे मिळून कमावतात, दोघे मिळून फेडतात, अशा जोडप्याला सरकार सांगते की सवलत हवी असेल तर एकाचे नाव गाळा. काही घरांत मग सवलतीसाठी तिचे नाव लागेल आणि व्यवहार सारा त्याच्या हाती राहील. त्यापेक्षा सामाईक नावाला निदान अर्धी सवलत देणे अधिक न्याय्य, आणि तिजोरीलाही न झेपणारे नाही. विवाहानंतर कर्जाने घेतलेले राहते घर, उलट करार नसल्यास, दोघांचे मानावे अशी तरतूद राज्याने करण्याचा विचारही आता पुढे यायला हवा.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की संसाराच्या आरंभीच नावांचा विचार करणे म्हणजे प्रेमात संशय कालवणे. हा आक्षेप घेणारे विमा उतरवताना मात्र मृत्यूचा विचार करतात आणि त्यात त्यांना अशुभ वाटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मालकी सामाईक झाली की कर्जेही सामाईक होतील, आणि पतीच्या बुडीत धंद्याचा बोजा पत्नीवर येईल. हे खरे आहे, आणि म्हणूनच अशी तरतूद राहत्या घरापुरती मर्यादित असावी, धंद्याच्या कर्जासाठी ते घर दोघांच्या लेखी संमतीवाचून तारण ठेवता येऊ नये, अशी योजना करावी लागेल.

तोपर्यंत जे हातात आहे ते तरी करावे. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर लग्नापूर्वी आईवडिलांचे नाव घातलेले असते. कुटुंब नसताना केलेले ते नामनिर्देशन विवाहानंतर निरर्थक ठरते आणि नवे करावे लागते, हे कित्येकांना निवृत्तीपर्यंत कळत नाही. नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हेही समजून घ्यायला हवे. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले होते की नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालकी वारसांचीच राहते. विम्याच्या बाबतीत २०१५च्या दुरुस्तीने पती-पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यापुरती ही स्थिती बदलली. सोसायटीतल्या घराच्या बाबतीत मात्र, नामनिर्देशन आहे म्हणजे घर आपलेच, या समजुतीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

मूल झाले की हे सारे अधिक तातडीचे होते. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण रजेनंतर पाळणाघर परवडत नाही किंवा आजी जवळ नाही म्हणून नोकरी सोडणारी तीच असते. त्या दिवसापासून तिचा प्रवाहही आटतो, मिनिटे मात्र वाढतात, आणि साठा त्याच्या नावावर पूर्वीसारखाच साचत राहतो. म्हणून नावाचा निर्णय पाळणा हलण्याच्या आधी झालेला बरा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीचा करार नोंदवताना ‘लिहून घेणार’ या शब्दांपुढे दुसरे नाव घालायला वेगळे शुल्क पडत नाही. एक छायाचित्र आणि एक अंगठा अधिक लागतो. तेच नाव दहा वर्षांनी घालायचे म्हटले तर बक्षीसपत्र करावे लागते, घर तारण असल्याने बँकेची संमती आणावी लागते, सोसायटीच्या भागदाखल्यावर नोंद करून घ्यावी लागते, आणि एवढ्या खटाटोपाला त्या वेळी दोघांपैकी कोणाला सवड असत नाही.